‘बायरचा मेल आलाय, उत्तर देऊ का?’

मागच्या अंकात ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू विकण्याबद्दल लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की पत्रं येतील ती फोटो कसे काढायचे, काचेच्या वस्तू पॅक कशा करायच्या, राखीव किंमत ठेवावी का, अशी. तशी आली चार-दोन. बाकी सगळा गठ्ठा एकाच विषयावरचा, खोटे मेल आणि खोट्या लिंका! म्हणून या वेळी दुसरं काही घेतच नाहीये, पॅकिंगवाल्यांनी महिनाभर थांबा.

‘अनोळखी माणसाच्या मेलला उत्तर देऊ नका’ हा सल्ला तुम्ही शंभरदा वाचला असेल, पण विकणाऱ्याला तो काडीचा उपयोगाचा नाही, कारण अनोळखी माणसाला उत्तर देणं हाच तर आपला धंदा. उशिरा उत्तर दिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, अजिबात नाही दिलं तर स्टार कमी होतात, त्यामुळे आपण रात्री साडेअकरालाही मेल उघडतो आणि पटकन उत्तर देतो. ही आपली तत्परता समोरच्या भामट्याला पक्की माहीत असते, त्याचं पोटच तिच्यावर चालतं. तर आता पत्रं घेऊ.

ताई नमस्कार. मी जुनी मनगटी घड्याळं दुरुस्त करून ईबेवर लिलावाला लावतो. परवा रात्री मेल आला, वर ‘तुमच्या आयटमबद्दल मेंबरचा प्रश्न’ आणि आत लिहिलेलं, ‘पैसे भरून नऊ दिवस झाले, घड्याळ पाठवलं नाहीस, तीन मेलना उत्तर नाही, आज उत्तर आलं नाही तर पोलिसात जातो.’ खाली ‘उत्तर द्या’ असं बटण. आयटम नंबर माझा, फोटो माझा, माझं नावही बरोबर. पण ते घड्याळ अजून विकलंच गेलेलं नाही! बाबा रे, तू भलत्याच माणसावर ओरडतोयस, एवढं सांगायला मी बटण दाबणारच होतो, तेवढ्यात मुलीने हात धरला. पण समजा खरंच कोणी असेल तर? माझा फीडबॅक खराब करेल ना तो? — घड्याळवाला

मुलीला शाबासकी द्या आधी. तुम्ही बटण दाबलं असतं ना, तर उत्तर लिहायची जागा आलीच नसती, आलं असतं लॉगिनचं पान, तुमच्या रोजच्या पानाची हुबेहूब नक्कल, आणि तुम्ही रागाच्या भरात युजरनेम पासवर्ड टाकून मोकळे झाला असता. पुढची गंमत अशी की ही पानं बऱ्याचदा पासवर्ड गिळला की तुम्हाला खऱ्या साइटवर नेऊन सोडतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की लॉगिन नीट झालं नसेल, आपण पुन्हा करतो, सगळं सुरळीत दिसतं, आणि विषय डोक्यातून जातो.

हा मेल इतका चांगला का चालतो सांगू? तुमच्यावर खोटा आळ घेतलाय म्हणून. लॉटरी लागल्याच्या मेलला आपण हसतो, पण ‘तू पैसे खाल्लेस’ म्हटलं की प्रामाणिक माणूस पेटून उठतो आणि त्याला आधी स्वतःचं नाव साफ करायचं असतं. पेटलेला माणूस लिंकचा पत्ता वाचत बसत नाही.

आयटम नंबर आणि फोटो बरोबर होता यावर जाऊ नका, तुमचं लिस्टिंग जगाला दिसतं, कोणीही ते उचलून मेलमध्ये चिकटवू शकतो. नावाचंही तसंच. पूर्वी सांगायचे की खरा मेल तुमच्या नावाने सुरू होतो आणि खोटा ‘प्रिय मेंबर’ म्हणतो, पण २०१४ साली खुद्द ईबेच्या डेटाबेसमधून लोकांची नावं, ईमेल, घरचे पत्ते, फोन, जन्मतारखा चोरीला गेल्या होत्या, तेव्हा १४.५ कोटी मेंबरना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं होतं, आणि एरवीही कुठून ना कुठून अशा याद्या फुटतच असतात. त्यामुळे नाव बरोबर असणं याला पुरावा म्हणता येत नाही.

मग खरं-खोटं कसं ठरवायचं, तर मेलकडे बघून ठरवायचंच नाही. मेल तिथेच सोडा, ब्राउझर किंवा ॲप स्वतः उघडा, स्वतः लॉगिन करा आणि साइटच्या आतला मेसेजचा कप्पा बघा. खऱ्या मेंबरने खरा प्रश्न विचारला असेल तर तो तिथे असणारच, खात्याबद्दल साइटने काही महत्त्वाचं कळवलं असेल तर तेही तिथे असणार. तिथे नाही म्हणजे कोणी काही विचारलेलं नाही, संपलं. आणि फीडबॅकची भीती तर अजिबात नको, झालेल्या व्यवहाराशिवाय तो देताच येत नाही. न विकलेल्या घड्याळावर कोण काय देणार?

एक कानमंत्र मात्र उलट बाजूने. आतल्या कप्प्यात मेसेज दिसला म्हणजे तो साइटवरून आलाय एवढंच कळतं, पाठवणारा सज्जन आहे असं नाही. दुसऱ्या कुणाचं चोरलेलं खातं वापरूनही मेसेज येतात, त्यात लिंक असेल तर तिलाही हाच नियम.

आता तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधली लिंक जरा जवळून बघू. बटणावर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो (कॉम्प्युटरवर माउस नुसता वर नेला तरी दिसतो), तो असा आहे: साइनइन डॉट ईबे डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन्फो, मग तिरकी रेघ आणि पुढे पानभर आकडे. ‘अमुकतमुक’ मी घातलंय, मूळ नाव छापत नाही. आपण डावीकडून वाचतो, साइनइन दिसलं, ईबे दिसलं, कॉम दिसलं, डोळे समाधानाने पुढे सरकतात. पण मालक कोण हे उलट्या बाजूने वाचायचं असतं. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यामागच्या दोन रेघा सोडा, त्यानंतरची पहिली एकेरी तिरकी रेघ पकडा आणि तिथून मागे या, आधी ‘इन्फो’, मग ‘अमुकतमुक’. झाला मालक. त्याच्या डावीकडे तो मालक हवं ते लिहू शकतो, ईबे लिहील, तुमचं नाव लिहील, माझं लिहील. (काही देशांच्या पत्त्यांत शेवटी दोन तुकडे असतात, ‘को डॉट यूके’सारखे, तिथे एक पाऊल अजून मागे यायचं.) आणि हे वाचनसुद्धा दर वेळी पुरत नाही बरं का, २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं जुळवून ‘ॲपल डॉट कॉम’सारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता, तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो डोळ्यांना खऱ्यासारखाच दिसायचा. क्रोमने ते लगेच दुरुस्त केलं, पण म्हणूनच म्हणते, डोळ्यांवर सगळं सोपवू नका.

मेल पाठवणाऱ्याच्या जागी साइटचंच नाव कसं दिसतं, हेही विचारलंय तुम्ही. ईमेलची रचनाच जुनी, पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहावं तशी. नंतर त्यावर सहीशिक्क्याची व्यवस्था आली, २००८ मध्ये जीमेलने ईबे आणि पेपॅल (ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा) यांच्या नावाने येणारा पण त्यांची डिजिटल सही नसलेला मेल आत घ्यायचाच बंद केला. मग भामट्यांनी काय केलं, तर स्वतःचेच मिळतेजुळते पत्ते घेतले आणि दर्शनी नावात मोठ्या साइटचं नाव घातलं. मोबाइलवर बऱ्याच ॲपमध्ये तेवढं दर्शनी नावच दिसतं, खरा पत्ता बघायला त्यावर टॅप करावं लागतं, आणि कोण करतं टॅप?

ताई, माझं आणि भावाचं भांडण मिटवा. तो म्हणतो पत्त्याशेजारी कुलूप असलं की साइट खरी, पासवर्ड टाकायला हरकत नाही. — दोघांच्या नावावर एकच खातं

भाऊ हरले. कुलुपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाहीये, पण तुम्ही बोलताय ते चोराशीच असेल तर? २०१५ च्या शेवटापासून तर लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेतून या कुलुपासाठी लागणारं सर्टिफिकेट कोणत्याही साइटला फुकट मिळतं, काही मिनिटांत. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूप काढून टाकलं आणि तिथे सेटिंगचं साधं चिन्ह लावलं. भावाच्या फोनवर दुसरा ब्राउझर असेल तर कुलूप दिसत असेल अजून, असू दे. आणि दोघांत एकच पासवर्ड वापरताय ते आधी थांबवा, उद्या गडबड झाली तर ‘मी नाही, तू’ यातच अर्धा दिवस जाईल.

नमस्कार ताई. मी कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स विकते. एका बायरने लिलाव संपायच्या आधीच मेसेज केला की मागाल ती किंमत देते, लिलाव बंद करा, माझा ईमेल फक्त कळवा. मी कळवला. तासाभरात पेपॅलचा मेल आला की पैसे जमा झालेत, पण सेलरच्या आणि बायरच्या सुरक्षेसाठी रोखून ठेवलेत, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर कळवला की सोडू. पत्ता तिच्या भाच्याचा आहे, दुसऱ्या देशातला. नवीन सेलरचे पैसे पेपॅल खरंच रोखून ठेवतं असं ऐकलंय, म्हणून पार्सल बांधून ठेवलंय. पाठवू का? — लेन्सवाली

पाठवू नका ते पार्सल! निदान हे उत्तर वाचेपर्यंत पाठवलं नसेल अशी आशा करते.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, आणि म्हणूनच हा मेल इतका पटतो. पेपॅल नव्या सेलरचे पैसे २१ दिवसांपर्यंत रोखून ठेवू शकतं आणि ट्रॅकिंग नंबर घातला की ते लवकर सुटतात, हा खरा नियम आहे. भामट्याने खऱ्या नियमावर खोटा मेल बेतलाय. फरक कुठे, तर खरे रोखलेले पैसे तुमच्या खात्यात दिसतात, ‘ऑन होल्ड’ असं लिहून, रकमेसकट, तारखेसकट. आणि नंबर तुम्ही खात्यात जाऊन त्या व्यवहारात घालता, मेलला रिप्लाय करून पाठवत नाही. तुम्ही लॉगिन करून बघितलंत का? पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, ‘मेल आला’ एवढंच आहे. मेल म्हणजे पैसे नव्हेत हो. बघा जाऊन, स्वतः पत्ता टाइप करून, माझा अंदाज आहे की खातं कोरं असेल.

आता मागचा धागा उलगडते. तिने लिलाव बंद करायला का सांगितलं? कारण साइटच्या आत व्यवहार झाला की साइटला माहीत असतं कोणी किती भरले, तिथे खोटी पावती चालत नाही. तुमचा ईमेल का मागितला? तो खोटा मेल पाठवायला तिला पत्ता हवा होता, बाकी कशासाठी लागतो? आणि किंमतीवर एक शब्द घासाघीस नाही, लेन्सवर बुरशी आहे का हे विचारलं नाही... जुनी लेन्स विकत घेणारा माणूस बुरशी विचारल्याशिवाय राहतो का कधी, तुम्हीच सांगा!

भाच्याचा पत्ता हा अजून एक काटा. समजा पैसे खरेच आले असते, तरी पेपॅलचं सेलरला मिळणारं संरक्षण हे व्यवहाराच्या पानावर जो पत्ता छापलेला असतो त्याच पत्त्यावर पाठवलं तर मिळतं. मेसेजमध्ये ‘कृपया इथे पाठवा’ म्हणून आलेल्या पत्त्यावर पाठवलं तर उद्या वाद झाला की तुमच्या हातात काही नाही.

याचीच चुलत भावंडं पण सांगून ठेवते, बाकीच्यांच्या पत्रांत आहेत. एकात मेल म्हणतो की बायरने बिझनेस खात्यासाठीची जास्तीची रक्कम भरलीये, तेवढा फरक तुम्ही तिला परत करा मग सगळे सुटतील. दुसऱ्यात चुकून जास्त पैसे पाठवले, कुरिअरवाला माझाच आहे, त्याला वरचे देऊन टाका. एकदा का विकणाऱ्यानेच पैसे पुढे पाठवायची वेळ आली की तिथेच उठायचं.

मॅडम, खोट्या मेलमधली भाषा चुकीची असते त्यावरून ओळखता येतं ना? — नियमित वाचक

यायचं. आता मशीनकडून दोन मिनिटांत शुद्ध भाषेत लिहून मिळतं. उलट माझ्याकडचे खरे बायर जे लिहितात ते वाचलंत तर तुम्ही सगळ्यांनाच चोर ठरवाल.

ताई, मी लिलाव नाही, साध्या क्लासिफाइड साइटवर जुनं फर्निचर टाकलं होतं. बायर चॅटवर खूप गोड बोलला, म्हणाला ‘मी बाहेरगावी आहे, साइटच्या डिलिव्हरी सेवेतून पैसे भरलेत, ही लिंक उघडून पैसे स्वीकारा.’ लिंकवर माझ्या टेबलाचा फोटो, किंमत, साइटचा लोगो, सगळं होतं. पैसे घेण्यासाठी कार्ड नंबर विचारला, तो दिला, मग मागचे तीन आकडे, मग खात्यात शिल्लक किती ते विचारलं तेव्हा शंका आली आणि बंद केलं. — टेबल अजून घरातच

शिल्लक विचारली कारण किती काढता येतील ते आधीच बघायचं होतं, दुसरं काय. तुम्ही आत्ता, म्हणजे हे वाचताना, कार्ड ब्लॉक केलं नसेल तर मासिक खाली ठेवा आणि कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करा, मग पुढचं वाचा.

केलं? बरं. पैसे पाठवणाऱ्याला कार्डचे मागचे आकडे लागतात, घेणाऱ्याला नाही. पिन आणि ओटीपीचंही तेच, पैसे येणार असतील तर ते टाकायची वेळ येत नाही. ज्या पानावर ‘पैसे मिळवण्यासाठी’ हे मागतात ते पान पैसे मिळवून देणार आहे खरं, फक्त तुम्हाला नाही.

टेबलाचा फोटो तिथे कसा आला याचं तुम्हाला नवल वाटलंय, तर त्यासाठी कोणी रात्रभर बसून पान बनवलेलं नसतं. टेलिग्रामवर याचे तयार बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्रॅम असतात, त्यात तुमच्या जाहिरातीतली माहिती भरायची की पान तयार. अशाच एका बॉटचा छडा ईसेट या सुरक्षा कंपनीने लावून २०२३ मध्ये सगळं उघड केलं, तो निदान २०१५ पासून वापरात होता, त्यांनी नाव ठेवलं ‘टेलिकोप्ये’, टेलिग्राम आणि रशियन भाषेतला भाला हे शब्द जोडून. भाला का, तर ही मंडळी आपल्या सावजाला ‘मॅमथ’ म्हणतात, तो केसाळ हत्ती! त्यात चढती पदं आहेत, वरच्याला कमिशन आहे, नवशिक्यांसाठी बोलायचं कसं याचं शिक्षण आहे. म्हणजे तुमच्याशी गोड बोलणारा तो बहुतेक पगारी नोकरासारखा समोरच्या कागदावरचं वाचून टाइप करत होता. मला तर हे वाचल्यापासून अशा चॅटमधला गोडवा फार कोरडा वाटायला लागलाय.

साइटची डिलिव्हरी सेवा खरी असू शकते, बऱ्याच साइटवर असते. पण ती खरी असेल तर पैसे भरल्याचं तुमच्या खात्यातल्या त्या जाहिरातीवरच दिसेल, बायरला चॅटमध्ये लिंक पाठवायची गरजच काय? आणि गप्पा साइटवरून उचलून दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर न्यायची त्याला घाई होती का, आठवून बघा. साइटच्या आतल्या चॅटमध्ये बाहेरच्या लिंका अडवल्या जाऊ शकतात, म्हणून आधी तुमचा फोन नंबर मागतात.

ताई, तुम्ही कधी फसलात का हो? रागावू नका, सहज विचारतेय. — जुनी नाणी

रागावू कशाला, अर्ध्या वाटेपर्यंत गेलेय मी. पितळेचा एक जुना दिवा लिलावाला लावला होता आणि प्रश्न आला, ‘या फोटोतल्या दिव्यासारखाच आहे का तुमचा, तळावरचा शिक्का जुळतो का बघा’, खाली फोटोची लिंक. साधा, रास्त प्रश्न. शिक्क्याचं विचारणारा म्हणजे जाणकार, मी खूश! लिंक दाबली तर लॉगिनचं पान, मनात म्हटलं सेशन संपलं असेल, नेहमीच संपतं. झोपेने डोळे मिटत होते, फोन हातात. मी पासवर्ड मॅनेजर वापरते, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, तो एरवी पान उघडलं रे उघडलं की आपणहून पासवर्ड पुढे करतो, त्या दिवशी गप्प बसला. आणि मी काय केलं असेल? त्याच्यावरच वैतागले. ॲप उघडलं, पासवर्ड शोधला, कॉपी केला, परत त्या पानावर आले आणि पेस्ट करायला बोट टेकवलं... तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हा गप्प का आहे. मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो, आणि पत्ता ओळखीचा नव्हता म्हणून त्याने तोंड उघडलं नाही. मी दिव्यावरचा शिक्का बघायला निघाले होते आणि पत्त्यावरचा बघितलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम, मॅनेजर गप्प तर मीही गप्प. कधी कधी तो खऱ्या साइटवरही अडतो, साइटने पान बदललं असेल तर, पण तेव्हासुद्धा मी ते पान बंद करून स्वतःच्या बुकमार्कवरून जाते, कॉपी-पेस्ट नाहीच. आणि फोटो बघायला लॉगिन लागतं का कधी? बायरला फोटो दाखवायचा असेल तर तो मेसेजलाच जोडता येतो.

ताई, मी ओटीपी चालू करून ठेवलाय. म्हणजे पासवर्ड गेला तरी मी सुरक्षित ना? — निश्चिंत

अजून तेवढं निश्चिंत नको. ओटीपी नसण्यापेक्षा असणं कितीतरी चांगलं, चोरलेल्या जुन्या याद्या घेऊन येणारे त्याने अडतात, तो बंद करू नका. पण आताची खोटी पानं मधल्या दलालासारखी बसतात, तुम्ही इकडे पासवर्ड टाकला की तोच क्षणात तिकडे खऱ्या साइटवर टाकला जातो, खरी साइट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तो तुम्ही इकडे टाकता आणि चोर तिकडे आत. ओटीपीला काय माहीत तो कुठल्या पानावर टाकला जातोय! यावर खरा उतारा म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली), किंवा यूएसबीला लावायची सिक्युरिटी की. त्यामागचं वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये अधिकृत झालं, त्यात किल्ली साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते, पत्ता वेगळा असेल तर ती चालतच नाही, तुम्ही कितीही अर्धवट झोपेत असा. तुमच्या साइटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये पासकीचा पर्याय असेल तर आजच चालू करा. आणि ईमेल खात्यावर आधी करा, का ते पुढच्या पत्रात.

ताई, माझ्याकडून व्हायचं ते झालं. ‘तुमचं सेलर खातं २४ तासांत बंद होईल’ या मेलवर जाऊन पासवर्ड टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या नावाखाली महागडे कॅमेरे लिलावाला, एकेका दिवसाचे लिलाव, आणि वर्णनात ‘बोलीआधी या ईमेलवर संपर्क करा’. मी तर भरतकामाचे नमुने विकते! बारा वर्षांचा शंभर टक्के फीडबॅक आहे माझा. पासवर्ड बदलला तरी पुन्हा तेच होतंय. काय करू? — भरतकाम

तुमची बारा वर्षंच चोरायला आला होता तो. ईबेने १९९६ मध्ये हा फीडबॅकचा प्रकार सुरू केला तो अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता यावा म्हणून, आणि चोराला नवं खातं फुकट मिळतं पण असा विश्वास मिळत नाही, मग तो तयार विश्वास उचलतो. एक दिवसाचे लिलाव का, तर तुम्हाला किंवा साइटला कळायच्या आत पैसे बाहेरच्या बाहेर घेऊन निघून जायला.

पासवर्ड बदलूनही तो परत येतोय म्हणजे दार दुसरीकडे उघडं आहे, आणि माझी पहिली शंका तुमच्या ईमेलवर आहे. तिथेही तोच पासवर्ड होता का? असेल तर तुम्ही इकडे पासवर्ड बदलता आणि तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून मेल मागवून पुन्हा बदलतो. म्हणून सुरुवात ईमेलपासून, आणि शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून, ज्यावर मेल उघडला होता त्यावरून नको. पासवर्ड बदला, ‘सगळीकडून लॉग आउट’ करा, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे ना बघा. मग सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडा, हे कोणी बघत नाही आणि इथेच खरी मेख असते. एका वाचकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एकच ओळ होती, लिलावाच्या साइटकडून येणारा प्रत्येक मेल ‘वाचलेला’ करून कचऱ्यात टाक. साइट बिचारी तीन दिवस इशारे पाठवत होती, एकही दिसला नाही. असा फिल्टर सापडला तर आधी त्याचा फोटो काढा, मग उडवा, पुरावा लागेल.

मग साइटच्या खात्यावर या. नवा पासवर्ड, सगळीकडून लॉग आउट, आणि त्यानंतर सगळ्यात आधी पैसे जिथे जमा होतात तो बँकेचा नंबर बघा. ईबेचे पैसे आता बऱ्याच देशांत थेट बँकेत जातात, त्यामुळे तेवढा नंबर बदलला की तुमच्या भरतकामाचे खरे पैसेही त्याच्याकडे. परतीचा पत्ता, फोन नंबर, बाहेरच्या ज्या ॲपना खात्यात यायची परवानगी दिलेली असते ती यादी, हे पण बघा. ओळखीचं नसेल ते काढून टाका, पासवर्ड बदलला तरी अशा परवानग्या आपोआप जातीलच असं नसतं.

मग साइटला कळवा, ‘खातं दुसऱ्याने घेतलंय’ याच सदरात. मदतीचा नंबर सर्चमध्ये शोधू नका हं, तिथे वर आलेला नंबर कोणाचा असेल सांगता येत नाही, साइटच्या मदतीच्या पानावरूनच जा. तो मूळ मेलही पुढे पाठवा, ईबेने त्यासाठी स्पूफ नावाचा वेगळा ईमेल पत्ता ठेवलाय. लिलाव तुम्ही स्वतः उडवण्याआधी त्यांचे आयटम नंबर आणि वर्णनातला तो चोराचा ईमेल टिपून घ्या, पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार देताना उपयोगी पडेल. बँकेलाही एक फोन. हाच पासवर्ड अजून कुठे होता ते आठवायला रात्री बसा, एकदम नाही आठवत.

कॅमेऱ्यांवर बोली लावलेल्या लोकांना मी मेसेज करून सांगू का, असं तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय. लिलाव रद्द झाल्याचं साइट त्यांना कळवेल तेवढं पुरे. तुमच्या खात्यावरून ‘आधीची मी खोटी होते, आताची खरी आहे’ असा मेसेज गेला तर त्यांनी तो खरा मानायचा कशावरून? आणि आजचा हा अंक त्यांच्यापैकी कोणी वाचला असेल, तर मानणारच नाहीत.